गोडोलीच्या खोलीतली बचत

२९ नोव्हेंबर, शनिवार

पर्यावरणाच्या मॅडमनी आज प्रकल्पाचे विषय वाटले. माझ्या वाट्याला आलं, ‘राहत्या खोलीतली ऊर्जा आणि पाण्याची बचत’. रोजची नोंद ठेवायची आहे. ती दुसऱ्या वहीत, मॅडमसाठी. ही वही माझी.

विषय ऐकून पोरी हसल्या. मला हसू आलं नाही. कवठे महांकाळच्याही आत आमचं गाव. मी चौथीत जाईपर्यंत दारात टँकर यायचा. भाजी धुतलेलं पाणी आई शेवग्याला घालायची आणि शेवग्याची शेंग आली की म्हणायची, बघ, सांडपाण्याला पण फळ येतं. बचत मला कुणी शिकवायला नको.

शिकवायची आहे ती प्राचीला. ती माझी खोलीतली जोडीदारीण, पलूसजवळची, कृष्णाकाठची. घरी ऊस आणि द्राक्षं. नळ सोडते आणि आरशात बघत बसते. आम्ही दोघी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, साताऱ्यात गोडोलीला शालूकाकूंच्या वरच्या खोलीत राहतो. शालूकाकू खाली एकट्याच असतात. त्यांचे मालक मिलिटरीत होते, ते वारले. मुलगा पण मिलिटरीतच, राजस्थानला.

२ डिसेंबर, मंगळवार

खोलीत वीज फार जात नाही. दोन दिवे, पंखा थंडीत बंद, फोन. खरा खर्च गॅसचा. दिवाळीत शालूकाकूंनी विजेचा गीझर काढून गॅसवरचा बसवला. गीझर बाथरूमच्या भिंतीवर, सिलिंडर बाहेर गॅलरीत. सिलिंडर आमचा आम्ही भरून आणायचा. दिवाळीनंतरचा पहिला आत्ताच संपत आलाय.

मी ठरवलंय, पुढचा सिलिंडर दुप्पट दिवस चालवायचा. प्रकल्पात दाखवायला ठोस काहीतरी होईल.

प्राचीला सांगितलं तर म्हणाली, “शिवांजली, तू मला गार पाण्यानं घालणार का अंघोळ? इथली थंडी बघ आधी.” थंडी आहे हे खरं. यवतेश्वराच्या डोंगरावरून वारा उतरतो तो थेट आमच्या बाथरूममध्ये येतो.

७ डिसेंबर, रविवार

आज सापडलं. बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी आहे. दोन पट्ट्या निघालेल्या. तिथून गार वारा येतो, म्हणून प्राची अंघोळ झाली तरी ऊन पाण्याखालून बाहेर येत नाही. वारा थांबला की पाणी थांबेल.

शालूकाकूंच्या नव्या फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल जिन्याखाली पडला होता. तो मापात कापून खिडकीत बसवला, कडेनं रुंद चिकटपट्टी मारली. दाराखालच्या फटीला पोत्याची घडी. स्टुलावर चढून हे सगळं करताना मला लय बरं वाटत होतं. गावाकडं गेल्यासारखं.

प्राची आत जाऊन आली आणि म्हणाली, “अगं, हे तर महाबळेश्वरच्या हॉटेलसारखं झालं.”

११ डिसेंबर, गुरुवार

अंघोळी लवकर होतात. आधी मी, लगेच माझ्या मागं प्राची, म्हणजे आतली ऊब वाया जात नाही. नोंदवहीत लिहिलं.

सकाळपासून डोकं जड आहे. प्राचीचंही दुखत होतं. सबमिशनची जागरणं.

१५ डिसेंबर, सोमवार

प्राचीला अंघोळीनंतर उलटी झाली. काल तिचं एकाशन होतं, एकदाच जेवलेली. शालूकाकू वर आल्या, लिंबूपाणी दिलं आणि म्हणाल्या, “आवं पोरींनो, उपास-तापास घरी करावं. परगावी अंगात ताकद लागती.”

मला मात्र कसलीच भूक नव्हती आणि उपासही नव्हता. कॉलेजात पोचेपर्यंत बरं वाटलं.

गीझरची ज्योत पूर्वी निळी असायची, आता पिवळी दिसते. नव्या सिलिंडरचा गॅस वेगळा असेल. मॅडमना विचारेन.

१९ डिसेंबर, शुक्रवार

हे कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते.

माझी बनुआत्या अशीच गेली. मी सातवीत होते. सकाळी उठलं की तिचं डोकं दुखायचं, मग मळमळ, दुपारी बरी. सगळे म्हणायचे पित्त आहे. सांगलीला नेलं तेव्हा डोक्यात गाठ निघाली. पाच महिन्यांत संपली.

माझंही सकाळीच दुखतं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. आज गॅलरीत कपडे वाळत घालताना हातातला चिमटा धरता येईना. मी चिमट्याकडं बघत उभी राहिले आणि मला कळेना की हा कशासाठी घेतलाय.

आईचा फोन आला. “आवाज का गं असा?” म्हणाली.

“सर्दी हाय.”

“डोकं दुखतंय का?”

“न्हाई गं.”

आई बनुआत्याचं नाव घेत नाही, पण प्रत्येक फोनला डोकं विचारते. मला इथं पाठवताना आबांनी एकच अट घातली होती, एकदा आजारी पडलीस की परत यायचं. मी परत जाणार नाही. पण आज वर्गात फळ्यावरची अक्षरं हलली.

२२ डिसेंबर, सोमवार

प्राचीलाही तसंच होतंय, मग गाठ कशी असेल? दोघींना एकदम गाठ होत नाही. ह्या विचारानं रात्री झोप लागली. सकाळी वाटलं, मग खोलीतच काहीतरी आहे.

गॅस गळत असेल म्हणून शालूकाकूंनी माणूस बोलावला, तात्याबा नावाचा. त्यानं गॅलरीतल्या सिलिंडरला आणि नळीला साबणाचा फेस लावून बघितला. एक बुडबुडा आला नाही. “गळती न्हाई. वास येतोय का तुमाला?” नव्हता येत. “मग कशाला भिता,” म्हणाला. बाथरूममध्ये बघू का म्हणून त्यानं विचारलं, पण आत प्राचीचे कपडे वाळत होते. मी नको म्हटलं.

गॅस नाही. मग पाणी? टाकी धुवून घेतली.

२८ डिसेंबर, रविवार

प्राची गुरुवारपासून घरी गेली आहे. एकटीसाठी गीझर कशाला पेटवायचा म्हणून मी चार दिवस गार पाण्यानंच उरकते. दात वाजतात, पण सिलिंडर वाचतो.

डोकं एकदाही दुखलं नाही. फळा स्वच्छ दिसतो. प्राचीचा फोन आला, तीही ठणठणीत आहे, आईच्या हातचं जेवतेय.

आता कळलं. ती घरच्या आठवणीनं आजारी पडत होती आणि तिच्याकडं बघून मी भीत होते. मनाचे खेळ. प्रकल्पाचं पहिलं प्रकरण आज पुरं केलं.

२ जानेवारी, शुक्रवार

प्राची बुधवारी आली. काल सकाळी पुन्हा तिचं डोकं, पुन्हा उलटी. आज माझंही.

ती पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती. म्हणाली, “मला इथं नको वाटतंय. खोली बदलू या.”

“परीक्षा तोंडावर आलीय आणि खोली कुठं शोधायची?”

“मला भीती वाटते गं. बाथरूममधनं बाहेर आले की पाय माझे नसल्यासारखे वाटतात.”

मी म्हटलं, नीट खात जा. मलाही भीती वाटते हे तिला सांगितलं नाही. पुन्हा बनुआत्या डोळ्यांपुढं आली. दोघींना एकदम होत नाही असं कुठं लिहिलंय?

५ जानेवारी, सोमवार

पडून राहायला सांगितलंय. तरी लिहिते.

काल रविवार. प्राचीला केस धुवायचे होते. आधी माझी अंघोळ झाली. बाहेर आले तर खोली गोल फिरत होती, म्हणून पलंगावर आडवी झाले. प्राची आत गेली. गीझरचा घर्रघर्र आवाज चालू होता. मी डोळे मिटून तो आवाज ऐकत पडले होते.

आवाज थांबत नव्हता. आणि मला काय वाटत होतं, ते लिहायलाच हवं. मला राग येत होता. किती गॅस जाळते ही. एका अंघोळीत माझ्या चार दिवसांची बचत घालवणार. मी पडल्या पडल्या मनात तिला बोलत होते. दहा मिनिटं तरी. जास्तच.

मग फरशीवर पाणी आलं. दाराखालच्या पोत्यातून झिरपून पलंगापर्यंत. मी हाक मारली. दुसरी मारली. दार वाजवलं. आत फक्त पाणी पडत होतं.

दार प्लास्टिकचं आहे. मी खांदा मारला. पडले, उठले, पुन्हा मारला. कडीकडचा भाग फाटला तेव्हा हात आत घालून कडी काढली. प्राची भिंतीला टेकून एका कुशीवर, बादली वाहतेय, गाल चांगले गुलाबी. मला वाटलं झोपलीय. इतकी निरोगी दिसत होती. हलवलं तर मान खाली पडली.

चादरीत गुंडाळून तिला ओढत गॅलरीत आणलं आणि ओरडले. शालूकाकू जिना चढून कशा आल्या त्यांनाच माहीत. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते. श्वास येत होता, पण दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जायचा की दर वेळी मला वाटायचं, हा शेवटचा.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “गॅस गीझर आहे का?” मग, “बाथरूमला खिडकी?”

शालूकाकू म्हणाल्या, “हाय की. वर पट्ट्यांची हाय.”

“उघडी होती?”

शालूकाकूंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “हो.”

माझ्या तोंडातून आलं ते. विचार करून नाही, पण माझ्याच तोंडातून.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही, त्यातून एक विषारी वायू होतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणूस दुसरंच कारण शोधत बसतो. माझंही रक्त घेतलं. मलाही नाकाला ऑक्सिजन लावला, प्राचीच्या शेजारच्या खाटेवर. बीएस्सी केमिस्ट्री घेतलेली मी. हा वायू कसा होतो ते मला पाठ आहे. पेपरात लिहिलंय, मार्क मिळालेत.

प्राची संध्याकाळी डोळे उघडून बघत होती, पण मला ओळखलं की नाही कळलं नाही. तिचे वडील धनपालकाका आणि आई गुणमालाकाकू आज सकाळी तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

६ जानेवारी, मंगळवार

काल खोलीवर परत आल्यावर पहिल्यांदा स्टुलावर चढले. थर्माकोल काढला, चिकटपट्टी नखानं खरवडली, त्याचे तुकडे करून काळ्या पिशवीत बांधले. आज घंटागाडीत टाकले. पोतं पण.

खिडकीतून वारा यायला लागला. मी त्या वाऱ्यात उभी राहिले आणि मला रडू आलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

प्राचीचे चुलते आले होते. बाथरूमचे फोटो काढले. शालूकाकूंना म्हणाले, “गीझर आत बसवायला कुणी सांगितलं हुतं? पोरीचं काय झालं असतं म्हंजे? आमी केस करणार.” शालूकाकूंनी पदर तोंडाला लावला होता.

ते गेल्यावर वर आल्या आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या. “शिवांजली, मला पोलीस न्हेत्याल का गं? लेकाला कळवू का नको? त्यो तिकडं बॉर्डरवर हाय, त्याचं चित्त लागायचं न्हाई.” मग म्हणाल्या, “खिडकी तर उघडी हुती, तू बघितलीस न्हवं. मग वायू कोंडला कसा? माझीच कायतरी चूक असंल.”

मी म्हटलं, “काकू, चहा ठेवू का?”

ही भीती बनुआत्याच्या भीतीसारखी नाही. तेव्हा वाटायचं मला काहीतरी होईल. आता वाटतं मला काहीच होणार नाही, आणि ह्या बाईला होईल.

१० जानेवारी, शनिवार

सकाळच्या एसटीनं सांगलीला गेले. कराड गेल्यावर वाटलं उतरावं आणि परत फिरावं. बसून राहिले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात धनपालकाका बाकावर बसले होते. मला बघून उठले. “ये बाळा. तुझ्यामुळं वाचली माझी लेक,” म्हणाले. ते असं म्हणतील हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं गेलं.

“काका, खिडकी मी बंद केली होती.”

“कवाची?”

“महिना झाला. थर्माकोल लावून. नंतर मीच काढला. डॉक्टरांना खोटं सांगितलं. शालूकाकूंचा काही दोष नाही.”

ते माझ्याकडं बघत राहिले. हातातली पाण्याची बाटली त्यांनी बाकावर ठेवली, ती पडली, उचलली नाही. व्हरांड्यातून एक खाट ढकलत नेली, ती वळेपर्यंत ते तिच्याकडंच बघत होते.

“दार तूच फोडलंस?”

“व्हय.”

“आत जा. तिला तूच सांग. मी सांगणार न्हाई.”

प्राची उशीला टेकून बसली होती. बोलताना मधेच शब्द शोधते. मला ओळखलं, हसली. मी सांगत गेले तसं ते हसू गेलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “मला थंडी वाजायची म्हणून लावलंस ना?”

हो म्हणायचं होतं फक्त. तिनंच ते माझ्या हातात दिलं होतं.

“नाही. गॅस वाचावा म्हणून.”

ती खिडकीकडं बघायला लागली. मग म्हणाली, “मी तुला सांगितलं होतं, मला इथं नको वाटतंय.”

“हो.”

“तू म्हणालीस, नीट खात जा.”

तिनं पांघरूण ओढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मी अर्धा तास बसले आणि उठले. बाहेर गुणमालाकाकूंनी डबा उघडला होता. त्यांना काकांनी सांगितलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. त्यांनी माझ्याकडं न बघता ताटलीत चपाती-भाजी वाढली आणि पुढं सरकवली. “खाऊन घे. सातारा गाठंस्तवर अंधार पडंल.” मी खाल्लं. ताटली पुसून सगळं खाल्लं.

निघताना काका म्हणाले, “भावाला सांगतो. म्हातारीवर केस न्हाई करायची.” माझं काय करायचं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

काल सकाळी शालूकाकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“चार दिस मी लेकाला फोन केला न्हाई,” म्हणाल्या. “देवाफुडं उभी ऱ्हायले न्हाई. आन तू वर बसून बघत हुतीस.”

मी पायावर डोकं ठेवायला वाकले तर पाय मागं घेतले. “ते नको.” मग कितीतरी वेळ तांदळातला एकच खडा शोधत बसल्या. मला वाटलं आता खोली सोड म्हणतील. म्हणाल्या तर सोडणार होते.

पदर खोचून उठल्या. “ह्या गल्लीत भाड्यानं पोरी किती घरांत ऱ्हात्यात?”

“असतील सात-आठ घरं.”

“समद्यांकडं गॅसवरचं गीझर हाईत. मीच सांगितलं हुतं दोघी-तिघींना, बसवा म्हणून. चल. तू सांग काय झालं ते. मी सोबत येती.”

पहिल्या घरी मला नीट बोलता आलं नाही. शालूकाकू मागं उभ्या राहिल्या, मला मदत केली नाही. मी सांगितलं, खिडकी मी बंद केली होती, माझी मैत्रीण सांगलीच्या दवाखान्यात आहे. त्या घरची खिडकी उघडी होती. दुसऱ्या घरी हवा बाहेर टाकणारा पंखा होता, पण बंद. तिसऱ्या घरी खिडकीत जुनी जीन्स कोंबलेली. मी ती ओढून काढली तर तिथली मुलगी म्हणाली, “अगं, डास येतात.”

पाचव्या घरी दार उघडणारीनं कपाळाला बाम चोळला होता. वास आला. मी विचारलं, बाथरूम बघू का? म्हणाली, “थांबा थोडं, आत मैत्रीण आहे. अंघोळीला गेलीय.”

गीझरचा आवाज येत होता.

“किती वेळ झाला?”

“झाला असंल बराच. डोकं धुतेय ती.”

मी तिला बाजूला सारून आत गेले. चप्पल पण काढली नाही. दार वाजवलं. पाण्याचा आवाज. पुन्हा वाजवलं, दोन्ही हातांनी. मागं शालूकाकूंनी माझं नाव घेतलं. मी खांदा दाराला लावला. काळानिळा झालेला खांदा, तोच.

“काय हाय गं?” आतून आवाज आला. वैतागलेला, तोंडात पाणी गेल्यासारखा. “एक दिवस तरी सुखानं अंघोळ करू द्या की.”

मी दाराला टेकून खाली फरशीवर बसले. बाम लावलेली मुलगी विचारत होती काय झालं, कोण तुम्ही. शालूकाकू पुढं आल्या, माझ्या शेजारी गुडघे धरून बसल्या आणि दारावर हळूच टकटक करून म्हणाल्या, “बाळा, पाणी बंद कर आन भाईर ये. आमी हितंच हाय.”

कडी निघेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो होतो.